विमर्श : वृद्ध आप्तांना निर्णयासाठी साहाय्य कसे करावे

श्रीमद्भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात भगवंतांच्या मुखी केवळ अर्ध्या श्लोकाएवढे भाषण आहे, ही गोष्ट पुष्कळ वाचकांच्या ध्यानी येत नाही. त्या अध्यायाचा उत्तरार्ध अर्जुनाच्या विषादाने भरला आहे. त्याची गात्रे गळाली, तोंड कोरडे पडले, अंग कापू लागले, हातचे धनुष्य निसटू लागले. आणि मग कुलक्षय, पाप, पितर अशी एकामागून एक कारणे त्याने मांडली. भगवंतांनी त्याचे बोलणे मध्येच तोडले नाही. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी दोन श्लोकांत त्यांनी त्याला थोडे कठोर शब्द ऐकविले. परंतु तेवढ्याने काय झाले? अर्जुनाने आपली अडचण पुन्हा सांगितली आणि मी लढणार नाही असे म्हणून तो गप्प बसला. नुसत्या कानउघाडणीने काम भागले असते, तर पुढची गीता सांगावीच लागली नसती.

आता अठराव्या अध्यायाचा त्रेसष्टावा श्लोक पाहावा. एवढे सारे ज्ञान सांगून झाल्यावर भगवंत अर्जुनाला म्हणतात की, ह्याचा तू पूर्णपणे विचार कर आणि मग तुला जसे वाटेल तसे कर. येथे विचार करण्यासाठी जो शब्द योजिला आहे तो ‘मृश्’ धातूपासून आला आहे. ह्या धातूचा मूळ अर्थ स्पर्श करणे, हात फिरविणे असा आहे. अंधारात एखादी वस्तू हाती आली म्हणजे मनुष्य तिच्यावर सर्व बाजूंनी हात फिरवून ती काय आहे हे ओळखतो. तसा विषयाला सर्व अंगांनी बुद्धीचा स्पर्श होणे म्हणजे विमर्श होय. आरंभी ऐकणे, मध्ये सांगणे आणि शेवटी निर्णय ज्याचा त्याला सोपविणे, अशी ही रीत आहे. ती गृहस्थाला घरातील एका नित्य प्रसंगी कशी उपयोगी पडते, हे ह्या पाठात पाहावयाचे आहे.

तो प्रसंग असा की, घरातील वृद्ध मनुष्य लस टोचून घेण्यास भितो आणि घरच्यांना त्याची काळजी वाटते. कुरुक्षेत्रावरील प्रश्न आणि हा प्रश्न ह्यांत अर्थातच महदंतर आहे. परंतु भयाने आणि संशयाने बुद्धी कुंठित होणे ही अवस्था एकच आहे, आणि तीतून बाहेर पडण्यास मदत करणाऱ्याचे कर्तव्यही पुष्कळ अंशी एकच आहे.

जबलपूरचे उदाहरण

नर्मदातीरीच्या जबलपूर नगरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. १७८१ साली हा प्रदेश सागरच्या मराठ्यांकडे आला आणि १७९८ पासून तो नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली गेला. पुढे रेल्वे, १९०४ ची गन कॅरेज फॅक्टरी, १९५६ साली येथे आलेले उच्च न्यायालय, शाळा व महाविद्यालये ह्यांच्या निमित्ताने आणखी घरे येथे स्थिरावली. २० मार्च २०२० रोजी मध्य प्रदेशातील कोरोनाचे पहिले चार रुग्ण ह्याच नगरात आढळले. ते चौघेही परदेशातून परतलेले होते. १६ जानेवारी २०२१ रोजी देशभर लसीकरणास प्रारंभ झाला. प्रथम आरोग्यसेवकांना लस मिळाली आणि १ मार्च २०२१ पासून साठ वर्षांवरील सर्वांना, तसेच पंचेचाळीस वर्षांवरील व्याधिग्रस्तांना ती खुली झाली.

येथे एक विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. घरात एरवी कोणतीही नवी गोष्ट आधी तरुण मंडळी करून पाहतात आणि मग वडीलधारी तिच्याकडे वळतात. ह्या वेळी क्रम उलटा झाला. तरुणांची पाळी १ मे २०२१ नंतर आली. त्यापूर्वी दोन महिने आजी-आजोबांना विचारणा होत होती. ‘तू आधी घे, मग मी घेईन’ असे म्हणण्याची सोयच त्यांना उरली नव्हती. लस नवी, रोग नवा, केंद्रावर नोंदणी भ्रमणध्वनीवरून, आणि जिकडे तिकडे परस्परविरुद्ध वार्ता; अशा स्थितीत वृद्धांनी कचरावे ह्यात नवल ते काय? ते भय मूर्खपणाचे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. मे २०२१ मध्ये जबलपुरातच बनावट रेमडेसिविर इंजेक्शनांचे प्रकरण उघडकीस आले. ज्या गावी औषधाच्या कुपीत औषधच नसल्याचे निघाले, त्या गावच्या म्हाताऱ्या माणसाने सुईकडे संशयाने पाहिले, तर त्याला दोष कोणी द्यावा?

पहिली पायरी : श्रवण

समजा, अशाच एका घरात एक वृद्ध आत्या आहेत. वय पंचाहत्तर, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत, रोज स्तोत्रपाठ चालतो, बुद्धी तल्लख आहे. भाचा म्हणतो, “आत्या, उद्या लसीला जाऊ.” आत्या म्हणतात, “मला नको रे बाबा.” भाचा लगेच आकडे सांगू लागतो, सूनबाई रागावतात, मुंबईहून मुलगा फोनवर हट्ट धरतो, आणि तीन दिवसांत आत्यांचे ‘नको’ अधिकच पक्के होते.

चूक कोठे झाली? ‘मला नको’ हे उत्तर दिसते एक, परंतु त्याच्या पोटी दहा निरनिराळी कारणे असू शकतात. कोणाला सुईचेच भय असते. कोणाच्या शेजारचे गृहस्थ लस घेतल्यावर आठ दिवसांनी वारलेले असतात. कोणाला वाटते की आपल्या हृदयविकाराच्या गोळ्या बंद कराव्या लागतील. कोणाला रात्री ताप आला तर मुलांना त्रास होईल ह्याचा संकोच असतो. कोणाच्या मनात लसीतील घटकांविषयी धर्मशंका असते. कोणी जिण्यालाच कंटाळलेला असतो आणि ते बोलून दाखवीत नाही. कारण ठाऊक नसता दिलेले उत्तर म्हणजे दुखणे पायाला आणि लेप कपाळाला असे होते.

म्हणून भाच्याने निवांत वेळ पाहून जवळ बसावे आणि विचारावे, “आत्या, तुम्हांला नेमके कशाचे वाटते?” आणि मग थांबावे. उत्तर आले की लगेच खोडू नये, “आणखी काही?” एवढेच विचारावे. पहिले कारण बहुधा वरवरचे असते. खरे कारण तिसऱ्या-चौथ्या वाक्यात बाहेर येते. सहाव्या अध्यायात अर्जुन म्हणतो की मन वाऱ्यासारखे आवरण्यास कठीण आहे. तेव्हा भगवंत आधी ते नि:संशय कठीण आहे हे मान्य करतात आणि मगच उपाय सांगतात. घरातही तसेच करावे. “भीती वाटणे साहजिक आहे, आत्या,” एवढे शब्द मनापासून उच्चारले तरी निम्मे काम होते.

दुसरी पायरी : शंकांचे पृथक्करण

अठराव्या अध्यायात सात्त्विक बुद्धीचे लक्षण सांगताना, भय कशाचे बाळगावे आणि कशाचे बाळगू नये हे जी जाणते ती सात्त्विक बुद्धी, असा भाव आला आहे. निर्भय होणे म्हणजे सर्व भये टाकून देणे नव्हे. खरे भय आणि खोटे भय वेगळे काढणे होय. धान्य पाखडावे तशा एकेक शंका सुपात घेऊन पाखडाव्या.

‘लसीतून रोगच अंगात जाईल’ ही पहिली शंका. २०२१ साली आपल्याकडे मुख्यत: दोन लसी दिल्या गेल्या. हैदराबादेत तयार होणाऱ्या कोव्हॅक्सिनमध्ये विषाणू मारून निर्जीव केलेला असे. पुण्यात तयार होणाऱ्या कोव्हिशील्डमध्ये मानवी देहात वाढू न शकणारा दुसराच एक विषाणू कोरोनाच्या एका घटकाची ओळख घेऊन येई. दोहोंतून कोरोना होणे शक्य नव्हते. देहाच्या रक्षकांना शत्रूचा चेहरा आधी दाखवून ठेवणे, एवढेच लसीचे कार्य. त्या तयारीत दंड दुखणे, एक-दोन दिवस कणकण येणे हे घडते, आणि ते आधीच सांगून ठेवावे. आधी सांगितलेला ताप मनुष्य सहन करतो. न सांगितलेल्या तापाने तो घाबरतो.

‘मला मधुमेह आहे, रक्तदाब आहे’ ही दुसरी शंका. हीच कारणे असलेल्यांना तो रोग अधिक घातक ठरत होता, म्हणूनच त्यांना आधी बोलाविले होते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर टोचणाऱ्यास तसे सांगावे आणि टोचल्या जागी अधिक वेळ दाबून धरावे. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. पूर्वीच्या मात्रेनंतर तीव्र ॲलर्जी झाली असेल तर मात्र ते खरे भय होय. अंगात ताप वा आजार असेल तर बरे होईपर्यंत थांबावे. अशा व्यक्तीला थांबविणे हाही विवेकच आहे. हे ठरविणे घरच्या मंडळींचे नव्हे, वैद्यांचे काम. आत्यांना ज्या डॉक्टरांविषयी वीस वर्षांचा विश्वास आहे त्यांच्याकडेच न्यावे, आणि तेथे बोलणे भाच्याने करू नये, आत्यांना करू द्यावे. चौथ्या अध्यायात ज्ञान मिळविण्याच्या साधनांत परिप्रश्नाची गणना केली आहे. प्रश्न विचारणे हा अनादर नव्हे.

‘अमुक गृहस्थ लस घेतल्यावर गेले’ ही तिसरी आणि सर्वांत बलवान शंका. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी, ह्याला आपल्या शास्त्रकारांनी काकतालीय न्याय म्हटले आहे. कोट्यवधी वृद्धांना दोन-तीन महिन्यांत लस दिली जाते, तेव्हा त्या काळात ज्यांचे आयुष्य इतर कारणांनी संपावयाचे होते त्यांतील काहींनी नुकतीच लस घेतलेली असणारच. एका उदाहरणावरून निर्णय होत नाही. घेतलेले आणि न घेतलेले असे दोन समुदाय शेजारी ठेवून पाहावे लागतात.

असे पाहणे तामिळनाडूच्या पोलीस दलात घडले. १ फेब्रुवारी ते १४ मे २०२१ ह्या काळात १,१७,५२४ पोलिसांची नोंद तपासण्यात आली. लस न घेतलेले १७,०५९ होते. त्यांतील २० कोरोनाने दगावले. एक मात्रा घेतलेले ३२,७९२. त्यांतील ७ दगावले. दोन्ही मात्रा घेतलेले ६७,६७३; त्यांतील ४ दगावले. दर लाखास हे प्रमाण अनुक्रमे सुमारे ११७, २१ आणि ६ असे पडते. पोलीस वृद्धांहून तरुण असतात, हा भेद सांगून हे आकडे आत्यांपुढे ठेवावे. लस घेतलेल्यांतही चार गेले, हेही सांगावे. लस म्हणजे अमृत नव्हे. ती छत्री आहे. छत्रीखालीही पाय भिजतात, पण म्हणून पावसात कोणी ती घरी ठेवीत नाही.

‘दैवात असेल ते होईल’ ही चौथी शंका. हिला हसू नये. जन्मभराच्या श्रद्धेतून ती आलेली असते. परंतु गीतेनेच कर्मसिद्धीची पाच कारणे मोजली आहेत : अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. दैव ह्या यादीत आहे, परंतु एकटे नाही, आणि पहिलेही नाही. आत्या रोज सकाळी मधुमेहाची गोळी घेतात, ती दैवावर विश्वास नाही म्हणून नव्हे. जी चार कारणे आपल्या हाती आहेत ती सांभाळून पाचव्यापुढे मस्तक नमविणे, हीच शरणागती.

तिसरी पायरी : संपूर्ण सत्य

सतराव्या अध्यायात वाणीच्या तपाचे वर्णन आहे. बोलणे दुसऱ्यास उद्वेग न देणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असावे. ह्या चारही गोष्टी एकत्र साधणे हेच तप. घरातील तरुण मंडळी हिताच्या भरात सत्याला मुरड घालतात. ‘काहीसुद्धा होत नाही, आत्या’ असे त्या म्हणतात. आणि पुढे वर्तमानपत्रात उलट वार्ता आली की त्यांचे सारेच बोलणे खोटे ठरते.

कोव्हिशील्डचेच पाहा. ह्या लसीनंतर अत्यंत क्वचित रक्ताच्या गुठळ्या होत, हे खरे. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या समितीने आपल्याकडील प्रमाण दर १० लाख मात्रांस ०.६१ असे जाहीर केले. ब्रिटनमध्ये ते दर १० लाखांस ४ असे नोंदले गेले होते. २०२४ साली ब्रिटिश कंपनीने न्यायालयात असा परिणाम क्वचित होऊ शकतो हे मान्य केले, तेव्हा आपल्याकडे मोठी खळबळ माजली. ज्या घरात २०२१ सालीच हे सांगितले गेले होते, आणि लस घेतल्यावर वीस दिवसांच्या आत धाप, छातीत दुखणे, हातापायास सूज, न थांबणारी डोकेदुखी असे काही झाल्यास तत्काळ दवाखान्यात जावयाचे हे ठरले होते, त्या घरात तीन वर्षांनंतर कोणाला फसविल्यासारखे वाटण्याचे कारण नव्हते.

धर्मशंकेविषयीही हेच. जून २०२१ मध्ये कोव्हॅक्सिनमध्ये वासराच्या रक्तातील द्रव असतो अशी वार्ता पसरली आणि पुष्कळ सश्रद्ध घरांत अस्वस्थता उत्पन्न झाली. केंद्र सरकारने त्याच महिन्यात खुलासा केला. ज्या पेशींवर विषाणू वाढवितात, त्या पेशींच्या वाढीसाठी तसा द्रव वापरतात. नंतर त्या पेशी अनेकदा धुतल्या जातात आणि तयार लसीत तो द्रव नसतो. ही गोष्ट आत्यांपासून लपविणे म्हणजे त्यांच्या श्रद्धेचा अपमान करणे होय. सर्व सांगावे. प्राणरक्षणासाठी औषधाचा विचार वेगळा करावा अशी परंपरा आपल्या शास्त्रांत आहे, हेही सांगावे. आणि मन तयार नसेल तर दुसऱ्या लसीचा पर्याय दाखवावा. कोणते औषध आपल्या श्रद्धेत बसते, हे ज्याच्या देहात ते जावयाचे त्यानेच ठरवावयाचे असते.

मोठ्या कार्यातही अपघात होतात, आणि ते मान्य केल्यानेच पुढे विश्वास टिकतो, ह्याचा दाखला आपल्या देशात शंभर वर्षांपूर्वीचा आहे. मुंबईत प्लेगची लस तयार करणाऱ्या हाफकिन ह्यांच्या लसीने १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी १९ माणसे धनुर्वाताने दगावली. हाफकिन ह्यांना पदावरून दूर व्हावे लागले. दोष त्यांच्या प्रयोगशाळेचा की गावी बाटली उघडणाऱ्यांचा, ह्याचा वाद वर्षानुवर्षे चालला; १९०७ मध्ये अनेक शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू जाहीरपणे मांडली आणि ते दोषमुक्त ठरले. १९२५ साली मुंबईच्या त्या संस्थेला त्यांचेच नाव देण्यात आले. आज बाटली उघडणे, थंड ठेवणे, प्रत्येकास नवी सुई वापरणे ह्यांविषयी जे काटेकोर नियम आहेत, त्यांच्या मुळाशी अशाच दु:खद अनुभवांची शिकवण आहे.

चौथी पायरी : आचरण, बळजबरी नव्हे

श्रेष्ठ जसे वागतात तसे इतर वागतात, हे तिसऱ्या अध्यायातील वचन प्रसिद्धच आहे. हाफकिन ह्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस प्रथम स्वत:स टोचून घेतली. त्याच साली तरुण आगाखानांनी आपल्या अनुयायांसमक्ष ती टोचून घेतली आणि त्यांच्या समाजाचे भय बरेच ओसरले. उलट त्याच वर्षी पुण्यात प्लेग हटविण्यासाठी सोल्जरांकरवी घरे तपासली गेली, माणसे ओढून नेली गेली, देवघराचाही मान राहिला नाही. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री रँडवरील गोळीबारात झाला. रोग एकच, साल एकच, हेतूही रोग थांबविण्याचाच. परंतु एका ठिकाणी मनुष्याने आपला दंड पुढे केला आणि दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्याचा दंड धरला.

घरातही हा भेद स्मरणात ठेवावा. ‘लस घेतली नाही तर नातवंडांना भेटू देणार नाही’ ही धमकी प्रेमातून आली असली तरी ती बळजबरीच होय. त्यापेक्षा आत्यांच्या भजनी मंडळातील, त्यांच्याच वयाच्या, त्यांच्यासारखाच मधुमेह असलेल्या मैत्रिणीने लस घेतली असेल, तर तिला घरी चहाला बोलवावे आणि दोघींना बोलू द्यावे. समवयस्काच्या अनुभवाला जे वजन असते ते तरुणाच्या युक्तिवादाला नसते.

आणि सर्वांत जवळचा दाखला तर बहुधा आत्यांच्याच दंडावर असतो. १९७५ पूर्वी जन्मलेल्या पुष्कळांच्या बाहूवर देवीच्या लसीचा वण आहे. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्थॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला भारतातील पहिली देवीची लस टोचली गेली आणि तिच्यापासून ती पुणे, हैदराबाद अशी पुढे गेली. ती लस मूळची गाईच्या आचळांवरील फोडांतून आलेली. तिचे इंग्रजी नावही गाईवाचक लॅटिन शब्दावरून पडले. आपल्या पूर्वजांनी तिला आधी विरोध केला, मग ती स्वीकारली. मराठी भाषेने तर लस टोचण्याला ‘देवी काढणे’ असे घरचे नाव दिले. मे १९७५ मध्ये भारतातील देवीचे अखेरचे रुग्ण आढळले आणि ८ मे १९८० रोजी जगातून तो रोग नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. आत्यांच्या आईने पाऊणशे वर्षांपूर्वी काळीज घट्ट करून मुलीचा दंड पुढे केला असेल, तेव्हा तिलाही भय वाटलेच असेल. ही आठवण आत्यांना हळुवारपणे करून द्यावी. “तेव्हा तुम्हांला कोणी नेले होते हो?” एवढे विचारले की पुढचे त्याच सांगू लागतील.

पाचवी पायरी : निर्णय ज्याचा त्याला

सर्व सांगून झाले की भाच्याने थांबावे. गीतेतील त्या श्लोकाचे मर्म हेच की, सर्वज्ञ गुरूनेही शिष्याचा निर्णय स्वत: घेतला नाही. मग आपण अल्पज्ञांनी वडीलधाऱ्यांचा निर्णय हिरावून घ्यावा हे कितपत योग्य? २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही, कोणालाही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही, देहाची स्वायत्तता हा घटनेने दिलेल्या जीविताच्या अधिकाराचा भाग आहे, असा निर्णय दिला. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी मर्यादा घालण्याचा सरकारचा अधिकारही मान्य केला. स्मृतिभ्रंशासारख्या विकाराने ज्यांची विचारशक्तीच लोपली आहे त्यांची गोष्ट वेगळी. तेथे घरच्यांनी वैद्यांच्या सल्ल्याने, ती व्यक्ती शुद्धीत असती तर तिने काय इच्छिले असते हे स्मरून ठरवावे. इतरांच्या बाबतीत वार्धक्य म्हणजे अज्ञान नव्हे.

परंतु निर्णय सोपविणे आणि निर्णय लांबणीवर टाकणे ह्यांत गल्लत होऊ नये. मार्च २०२१ मध्ये ‘पाहू पुढे’ असे म्हणणाऱ्या अनेक घरांवर एप्रिलमध्ये दुसरी लाट कोसळली. खाटा मिळेनात, प्राणवायू मिळेना. विमर्शालाही काळाची चौकट असते. संशयात बुडून राहिलेल्याला कोठेच सुख नाही, असा इशारा चौथ्या अध्यायाच्या अखेरीस आहे. म्हणून भाच्याने म्हणावे, “आत्या, आपण सोमवारी डॉक्टरांकडे जाऊन सारे विचारू, गुरुवारी तुम्ही मला तुमचे मत सांगा. जे सांगाल ते मी मान्य करीन.” दिवस ठरला की मन भरकटत नाही, आणि शब्द दिला की तो पाळावा.

होकार आला तर पुढची व्यवस्था घरच्यांची : उन्हाआधीची वेळ, बसण्यास खुर्ची, औषधांची चिठ्ठी, टोचल्यानंतर अर्धा तास तेथेच थांबणे, आणि त्या रात्री कोणीतरी जवळ झोपणे. अंथरुणास खिळलेल्यांसाठी सप्टेंबर २०२१ पासून घरी येऊन लस देण्याची मुभा झाली होती. अशा सोयी शोधणे हेही सेवेतच मोडते. नकार आला तर ममता कमी करू नये, टोमणा मारू नये, आणि “पुन्हा विचार करावासा वाटला तर सांगा” एवढे दार उघडे ठेवावे. नाकावर पट्टी, हवेशीर खोली, आजारी माणसापासून दूर राहणे हे उपाय त्यांच्यासाठी चालूच ठेवावे. ज्याने निर्णय मानला त्याच्याकडेच मनुष्य पुन्हा विचारावयास येतो.

आजचा उपयोग

२०२१ चा तो काळ ओसरला. परंतु वृद्धांपुढील प्रश्न संपलेला नाही. इन्फ्लुएंझाचा विषाणू रूप बदलत असल्याने त्याची लस दर वर्षी नव्याने घ्यावी लागते. न्युमोनियाची लस आहे. नागीण ह्या वेदनादायी विकाराचीही आहे. ह्यांतील कोणती कोणाला, केव्हा आणि किती आवश्यक, हे वय, व्याधी आणि खर्च पाहून घरच्या डॉक्टरांशी बोलून ठरवावयाचे असते. प्रत्येक वेळी प्रश्न नवा, परंतु पायऱ्या त्याच : ऐकणे, शंका वेगळ्या करणे, संपूर्ण सत्य सांगणे, उदाहरण दाखविणे आणि निर्णय सोपविणे.

गीतेच्या शेवटी भगवंत अर्जुनाला एक प्रश्न विचारतात. आता माझे ऐकशील ना, असा तो प्रश्न नाही. तू हे एकाग्र चित्ताने ऐकलेस ना, तुझा मोह गेला ना, असा तो आहे. अर्जुन उत्तर देतो की मोह गेला, संशय फिटला. आणि त्यानंतरच तो करीन असे म्हणतो. घरातील वृद्ध आप्ताजवळ बसलेल्या प्रत्येकाने हा क्रम ध्यानी धरावा. ‘मग कधी जावयाचे?’ हा प्रश्न मागाहूनचा. त्यापूर्वी विचारावे, “आत्या, मनात काही शंका उरली आहे का?” आणि उरली असेल, तर पुन्हा पहिल्या पायरीवर येऊन शांतपणे ऐकावे.